रंगरावांनी सोडलेलं दूध

आमच्या हडपसरच्या सोसायटीत रंगराव सव्वीस वर्षं दूध घालतात आणि स्वतः दुधाचा थेंबही तोंडात घेत नाहीत. ही माहिती ते स्वतः कधी देत नसत. नवीन बिऱ्हाड आलं की शेजारचेच सांगायचे, "दूध रंगरावांचं लावा. देवाला दूध सोडलेला माणूस आहे. जो पीतच नाही तो पाणी कशाला घालेल?" या युक्तिवादात मला आजवर काही अर्थ सापडलेला नाही. जो पीत नाही त्याला पाणी घालणं उलट सोपं. पण लोकांना पटत होतं, आणि लोकांना एखादी गोष्ट पटली की तिथे डोकं चालवणारा मूर्ख ठरतो.

तो मूर्खपणा मी पहिल्याच दिवशी केला. मी एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं दूध तपासायची नोकरी केली. पाणी, साखर, युरिया, स्टार्च, माणूस दुधात जे जे घालू शकतो ते सगळं मी शोधून काढलेलं आहे, त्यामुळे कुठलाही दूधवाला माझ्या नजरेत आधी आरोपी असतो. रंगराव पहिल्यांदा दारात आले तेव्हा मी लॅक्टोमीटर घेऊनच उभी होते. दुधात सोडायची काचेची नळी असते ती. दूध पातळ असेल तर ती जास्त बुडते, एवढंच तिचं काम. रंगरावांनी कॅनचं झाकण काढलं आणि शांतपणे म्हणाले, "बघा म्याडम. काटा खोटं बोलत न्हाई."

"याला काटा नसतो. रेघा असतात."

"मग रेघा बघा."

रेघा बरोबर होत्या. पुढे वर्षानुवर्षं मी त्यांना न सांगता अधूनमधून दूध तपासत राहिले. मी तपासते हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यावर आम्ही दोघांनी कधी एक शब्द काढला नाही. आमचा एकमेकांवरचा विश्वास हा असा होता.

रंगरावांचा गोठा लोणी काळभोरच्या शिवेवर. चौदा म्हशी, मागे घर. पहाटेची धार काढून मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून ते सोलापूर रस्त्यानं हडपसरला येतात. साडेसहाला बेल एकदाच वाजते. दुसऱ्यांदा वाजवणं त्यांना बहुधा अपमानाचं वाटतं. वय बासष्ट, अंगानं सडपातळ, बोलणं मोजकं. नातवंडांच्या गप्पा नाहीत, सरकारवर टीका नाही. माप ओतायचं, वर थोडी धार सोडायची आणि निघायचं.

नवसाची हकीगत मात्र सगळ्यांना पाठ होती. रंगराव एकोणीस-वीस वर्षांचे असताना घरातल्या सगळ्यांत चांगल्या म्हशीला घटसर्प झाला. गळा सुजला, श्वास घेता येईना. रंगराव जेजुरीला गेले आणि खंडोबासमोर म्हणाले, म्हैस वाचली तर जन्मभर दूध सोडीन. म्हैस वाचली. तेव्हापासून दूध बंद. चहा काळा. पेढा, बासुंदी, खीर, खरवस, सगळं बंद. दही, ताक आणि तूप मात्र चालायचं. त्यावर कुणी विचारलं तर म्हणायचे, "सोडलंय ते दूध. दह्याचं बोललो न्हवतो." देवाशी इतका काटेकोर करार केलेला माणूस पुण्यात आदराला पात्र ठरला नसता तरच नवल.

खरी हकीगत मला गेल्या वर्षी कळली. ती इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तरुण रंगरावांना त्यांच्या वडिलांनी तालमीत घातलं होतं. तालमीतला पोरगा म्हणजे दूध आलं. सकाळी लोटाभर, संध्याकाळी लोटाभर. लोटाभर दूध पोटात गेलं की अर्ध्या तासानं रंगरावांच्या पोटात गुडगुड सुरू व्हायची, कळ यायची आणि पळावं लागायचं. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, अजून सवय नाही, वाढव. त्यांनी वाढवलं. मग गावच्या यात्रेत त्यांची कुस्ती ठरली. उतरायच्या आधी वडिलांनी प्रेमानं तांब्याभर दूध पाजलं. कुस्ती रंगात आली, रंगरावांची पकड बसली, समोरचा जवळजवळ खाली गेला, आणि रंगराव पकड सोडून, फडातून उठून, माणसांच्या गर्दीतून वाट काढत उसाच्या शेतात पळाले. सगळं गाव वर्षभर हसत होतं. त्यानंतर महिन्याभरात म्हैस आजारी पडली आणि त्यांना सुटायचा मार्ग दिसला. गवळ्याच्या पोरानं दूध पचत नाही म्हणणं ही नामुष्की होती, आणि देवाला दूध सोडणं हा मान. त्यांनी मान पत्करला. म्हैस तोपर्यंत बरीही व्हायला लागली होती.

दोन वर्षांनी लग्न झालं. यमुनाबाई थेऊरकडच्या, त्याही म्हशींच्याच घरातल्या. लग्नाच्या चौथ्या दिवशी सासूनं सुनेच्या हातात खरवसाची वाटी दिली. नवी व्यालेली म्हैस होती, चिकाचा ताजा खरवस. यमुनाबाईंनी नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं, तिथे वाटी नव्हती. सासूनं कौतुकानं नवसाची गोष्ट सांगितली. यमुनाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ह्यांनी सोडलंय तर मी कशी खाऊ. त्या दिवसापासून त्यांनीही दूध सोडलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानंही सांगितलं नव्हतं, पण त्यानं नकोही म्हटलं नाही. मुलाच्या, तेजसच्या वेळी पोटुशी असताना सासूनं हातापाया पडून दुधाचा पेला पुढे केला, तोही यमुनाबाईंनी परत केला.

खरवसाच्या वाटीपासूनचं हे सगळं यमुनाबाईंनी मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं, आणि अभिमानानं. दर गुरुवारी त्या तूप घेऊन गिऱ्हाइकांकडे यायच्या. शेवटी माझ्याकडे टेकायच्या. मी एकटीच राहते, त्यामुळे मलाही बरं वाटायचं. मी माझा चहा दूध घालून आणि त्यांचा काळा करायचे. म्हैस व्याली की त्या खरवसाचा डबा आणायच्या. अर्ध्या हडपसरमध्ये त्यांच्या खरवसाचं नाव होतं. मी एक चमचा खायचे आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत विचारायच्या, "गोड बसलाय का, ताई?" बाई चाळीस वर्षं अंदाजानं खरवस करत होती. मी दर वेळी "छान" म्हणायचे. पाहुणचाराला आपण दुसरं काय म्हणतो?

आता अपेक्षाबद्दल. ती तेजस आणि रुपालीची मुलगी, रंगरावांची एकुलती नात, नऊ वर्षांची. तेजस रांजणगावच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो, त्यामुळे घरचं बघणं रुपालीकडे आणि आजी-आजोबांकडे. गेल्या वर्षी उन्हाळ्यानंतर अपेक्षाचं पोट दुखायला लागलं. शाळेत पहिल्या-दुसऱ्या तासाला कळ यायची. बाथरूमला जाऊ का म्हणून रोज विचारायची, वर्गातली मुलं हसायची. मग शाळेतून रुपालीला फोन यायला लागले.

या घरानं त्यावर काय केलं असेल? दूध वाढवलं. पोरगी वाळतेय, तिला ताकद पाहिजे, म्हणून सकाळी शाळेत जायच्या आधी एक पेला होता तो मोठा झाला, आणि संध्याकाळी हळद घालून दुसरा सुरू झाला. पोट दुखलं की पोरगी जेवायची नाही, आणि जेवली नाही की "निदान दूध तरी पी" म्हणून तिसरा. आधी दोष दुकानातल्या कुरकुऱ्यांवर आला. मग म्हशींच्या सरकी पेंडीवर आला, ती बदलली. मग हरणी नावाच्या म्हशीवर आला, कारण तिचं दूध अपेक्षाला जायचं. हरणीला विकून टाकलं. दृष्टही काढून झाली. मुळात दुधावरच संशय घ्यायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. त्या घरात तो विचार येणंच शक्य नव्हतं.

एकाच्या मनात आला होता. तो माणूस एका सकाळी माझ्याकडे दुधाची बाटली घेऊन उभा राहिला.

"म्याडम, जरा तपासून द्या. नातीला हेच देतोय."

मी निवृत्त झाले तरी थोडी उपकरणं घरी ठेवलेली आहेत. मी मनापासून तपासलं. स्निग्धांश सात पूर्णांक दोन, बाकीचे घनपदार्थ नऊच्या वर, भेसळ काही नाही. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "रंगराव, असं दूध आता पुण्यात मिळत नाही. बिनधास्त पाजा पोरीला. दोन पेले पाजा."

रंगरावांनी रिकामी बाटली हातात घेऊन उलटसुलट फिरवली. मग विचारलं, "कायच न्हाई का त्यात?"

"काहीच नाही."

ते जिना उतरून गेले आणि एक कॅन माझ्या दारातच विसरले. तो घ्यायला परत आले तेव्हाही मान खाली होती. मला वाटलं, नातीच्या काळजीनं माणूस बावचळला. आता कळतं, की ते माझ्याकडे दोष शोधायला आले होते. दुधात काही सापडलं असतं तर पोरीचं दूध बंद झालं असतं आणि त्यांना तोंड उघडावं लागलं नसतं. मी त्यांची ती वाट बंद केली, वर दोन पेल्यांची शिफारस केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझा अहवाल कधी चुकला नाही. हाही चुकला नव्हता, फक्त ज्या पोटात ते दूध जाणार होतं त्याचा विचार मी केला नव्हता. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावरची स्पृहा लिफ्टमध्ये भेटली. आयटीत आहे, हुशार मुलगी, पण दोन वर्षांपूर्वी तिनं दूध सोडलं आणि तेव्हापासून दुसऱ्यांचं सोडवायच्या मागे आहे. बदामाचं दूध पिते. बदामाला आचळ कुठे असतात, हे मी तिला एकदा विचारलंही होतं. अपेक्षाचं ऐकून ती म्हणाली, "काकू, सिंपल आहे. डेअरी बंद करा. माणूस हा एकच प्राणी आहे जो दुसऱ्या प्राण्याचं दूध पितो. इट्स बेसिकली पॉयझन."

"माणूस हा एकच प्राणी लिफ्टनंही जातो," मी म्हटलं. "तू जिन्यानं जा."

ती हसली नाही. मला मात्र माझं वाक्य दिवसभर आवडलं होतं. दुधाला विष म्हणणाऱ्यांचा मला इतका राग, की त्यांच्या बोलण्यातलं अर्धं खरं असेल तेही मी ऐकायला तयार नव्हते. रुपालीच्या कानावर ते मोबाइलमधून आलं होतंच. तिनं घरी भीत भीत सुचवलं, आठ दिवस दूध बंद करून बघू या का? यमुनाबाई उसळल्या. "गवळ्याच्या घरात पोरगी दुधाबिगर वाढवायची? लोक काय म्हनतील? आमी सोडलं ते देवासाठी. तिनं कशासाठी सोडायचं?" रंगराव तिथेच जेवत होते. ते ताटावरून उठले आणि गोठ्याकडे गेले. हे मला नंतर रुपालीनं सांगितलं.

दिवाळीच्या आधी अपेक्षा शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. वजन एकवीस किलोवर आलं होतं. तेजस कामावर होता. रुपालीनं मला फोन केला, "मॅडम, तुम्ही याल का बरोबर? डॉक्टर काय बोलतील ते मला एकटीला नाही समजायचं." मी रिक्षा करून हडपसर गाडीतळाजवळच्या दवाखान्यात गेले. रुपाली, यमुनाबाई आणि रंगराव तिघंही आले होते. अपेक्षा आजोबांच्या मांडीला टेकून उभी होती. इतकी हलकी दिसत होती की बघवत नव्हतं.

लहान मुलांच्या डॉक्टर मेहजबीन तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, आधीचे रक्ताचे अहवाल वाचले, मग एकेक विचारायला लागल्या. कधी दुखतं? सकाळी शाळेत. शाळेत जायच्या आधी काय घेते? दूध. बाकी दिवसात? दूध. रविवारी कमी दुखतं का? रुपाली म्हणाली, रविवारी ती उशिरा उठते, मग दूध पण उशिरा, मग दुखणं पण उशिरा. बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी जाणवलं आणि ती थांबली.

"घरात कुणाला दूध पचत नाही, असं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "आई, बाबा, आजी, आजोबा?"

"नाही हो. दुधाचंच घर आहे आमचं," रुपाली म्हणाली. "सगळ्यांना चालतं."

"आजोबांना?"

"त्यांचं सोडल्यालं हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "नवसाला. त्यांचं नका इचारू."

डॉक्टरांनी कागदावर 'नाही' असं लिहिलं. मग म्हणाल्या, आणखी काही रक्ताच्या तपासण्या करू, पण वजन इतकं उतरलंय, की मोठ्या रुग्णालयात दाखवून घेतलेलं बरं. तिथे कदाचित घशातून बारीक नळी घालून आतून बघतील. त्यासाठी तिला थोडा वेळ झोपवावं लागेल.

अपेक्षानं मान वर करून आजोबांकडे पाहिलं. "आबा, तुम्ही पण याल ना तिथे?"

रंगराव उठून उभे राहिले. "डाक्टरीणबाई, ते न्हाई लिवलंय न्हवं, ते खोडा."

"कुठलं?"

"घरात कुनाला पचत न्हाई का इचारलंत ते. मला पचत न्हाई. कवाच पचलं न्हाई."

डॉक्टरांना त्या वाक्याचं वजन कळायचं कारण नव्हतं. त्यांनी सरळ पुढचं विचारलं, "प्यायल्यावर किती वेळानं त्रास होतो?"

"अर्ध्या तासानं. आधी गुडगुडतं. मग बेंबीच्या खाली कळ येती. मग पळावं लागतं."

"माझ्यासारखं," अपेक्षा म्हणाली.

"व्हय बाळा. तुझ्यासारखंच." रंगरावांचा आवाज फुटला. "मला ठावं होतं. चार म्हैनं झालं मला ठावं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तालीम, यात्रा, उसाचं शेत. कुस्ती सोडून पळाल्याचं ऐकून अपेक्षाला हसू आलं, आणि ती हसली म्हणून ते आणखी रडले. यमुनाबाईंनी एकच विचारलं.

"मग नवस?"

"नवस न्हवता."

"आन् म्हस?"

"म्हस तिची ती बरी झाली."

यमुनाबाईंनी पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. दुधात एक साखर असते. ती पचवणारं पाचकद्रव्य लहानपणी सगळ्यांकडे असतं, पुढे बऱ्याच जणांचं कमी होत जातं. हा रोग नाही, आणि घराण्यात तसं असेल तर मुलांतही उतरू शकतं. न पचलेली साखर आतड्यात आंबते, म्हणून गुडगुड आणि कळा. पोरीचं वजन दुधामुळे कमी झालं नव्हतं. कळ येईल या भीतीनं तिनं जेवण सोडलं होतं. "नळीचं सध्या राहू दे. रक्त तपासू, आणि दोन आठवडे दूध पूर्ण बंद. फरक पडला की हळूहळू दही द्या. ताक द्या. तूप चालेल. ते बऱ्याच जणांना चालतं."

दही, ताक, तूप. मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले. रंगरावांचा तो काटेकोर नवस! दही लागताना जिवाणू दुधातली बरीचशी साखर खाऊन टाकतात, आणि तुपात ती जवळजवळ उरतच नाही. मी हे लोकांना शिकवलेलं आहे. सव्वीस वर्षं रोज सकाळी उत्तर माझ्या दारात मापानं दूध ओतत उभं होतं आणि मी मात्र दुधात पाणी शोधत होते.

रक्तात काही निघालं नाही. पाचव्या दिवशी अपेक्षाचं पोट दुखायचं थांबलं. दहाव्या दिवशी तिनं तिसरी भाकरी मागितली आणि रुपालीनं आनंदानं मला फोन केला. तिसऱ्या आठवड्यात दही सुरू झालं, काही त्रास झाला नाही. महिन्याभरात वजन दीड किलोनं वाढलं.

रंगरावांनी एक गोष्ट केली ती मला अपेक्षित नव्हती. त्यांनी सकाळच्या फेरीत प्रत्येक दारात स्वतःच सांगितलं, "माझा नवस खोटा हुता. मला दूध पचत न्हाई. तुमाला घ्यायचं तर घ्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या." तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी दूध बंद केलं. म्हणाले, आता भरवसा कशाचा? बाकीच्यांनी पातेलं पुढे केलं, कारण दूध तेच होतं. स्पृहा मात्र खास खाली आली. "काकू, मी म्हटलं होतं ना? पॉयझन."

"विष नाही. त्या पोरीला पचत नाही," मी म्हटलं. "तुला शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून मी चिक्की गटारात टाकू का? ज्याला चालतं त्यानं प्यावं, ज्याला नाही चालत त्यानं तसं सांगावं." मग मी पुढेही बोलले, कारण ते बोलायला हवं होतं. "पण दूध बंद करून बघा, हे तुझं बरोबर होतं. मीच ऐकलं नाही." ती इतकी चकित झाली की लिफ्ट सोडून जिन्यानं वर गेली.

यमुनाबाई चार गुरुवार आल्या नाहीत. तूप रंगरावच आणून द्यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "बोलत न्हाई. भाकरी टाकती, ताट वाढती, पन बोलत न्हाई." तेवढ्या दिवसांत माणूस खंगला होता. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. चार महिने पोरीला कळवळताना पाहून गप्प बसला म्हणून राग, आणि वीस वर्षांच्या पोरानं लाजेपोटी मारलेली एक थाप आयुष्यभर वाहिली म्हणून दया.

पाचव्या गुरुवारी बेल वाजली. यमुनाबाई दारात होत्या, हातात स्टीलचा डबा. म्हैस व्याली होती. त्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या. मी डबा उघडला आणि सवयीनं एक चमचा घेतला.

"दोन आना," त्या म्हणाल्या.

मी दुसरा चमचा दिला. त्यांनी वाटीत खरवसाचा तुकडा घेतला, कडेनं थोडा कापला आणि तोंडात घातला. बराच वेळ चघळत राहिल्या. मग कपाळाला आठी पडली.

"इलायची लई झालीय."

मी माझा चमचा खाली ठेवला.

"कायम एवढीच घालते मी. कायम एवढीच जास्त हुती का?"

"थोडी जास्त असायची," मी कबूल केलं.

"चाळीस वर्सं कुनी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि उरलेली वाटी संपवली. मग म्हणाल्या, "दूध हाय का घरात?"

"आहे. तुमचंच."

"एक पेला द्या. नुसतं. साखर नको."

मी गरम करून दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला आणि ओठांवरची साय पदरानं पुसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "किती वाजलं?"

"अकराला दहा कमी."

"अर्धा तास म्हनले हुते ना हे, दवाखान्यात?"

"हो."

आम्ही बसून राहिलो. इतक्या वर्षांनी एकदम एवढं दूध प्यायलेल्या बाईला काही झालं तर, म्हणून मी मनातून धास्तावले होते. काहीतरी करायला हवं म्हणून मी घेवडा समोर ठेवला. त्या शिरा काढत होत्या, मी मोडत होते. मध्ये एकदा त्यांनी पोटावर हात ठेवून पाहिला. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. अकरा वीसला त्यांनी हातातला घेवडा खाली ठेवला.

"काही होतंय का?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. रिकामा पेला उचलून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मला काय बी होत न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं काय बी झालं नसतं."

पातेल्यात उरलेलं दूध मी त्यांच्या पेल्यात ओतलं.